छपरावरचा पत्रा टाकायचा कुठे?

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) कांद्याची चाळ बांधणाऱ्याला विचारा, वर टिनाचा पत्रा का घातला नाही? उत्तर ठरलेलं असतं: टिनाखाली कांदा उकडतो. सिमेंटचा पत्रा त्या मानाने थंड राहतो, गंजत नाही, आणि पाऊस पडत असताना घरात बोललेलं ऐकू येतं. ज्यांनी दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकली किंवा कौलांची शाकारणी केली, त्या पिढीला हा पत्रा म्हणजे सुटका वाटली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता त्या छपरांचं वय झालं आहे. घरकुलाचा हप्ता आला किंवा मुलाने स्लॅब टाकायचं मनावर घेतलं, की पहिलं काम पत्रे उतरवण्याचं. दोन मजूर वर चढतात, गंजलेल्या हुकांवर हातोडा घालतात, पत्रा तडकतो, तुकडे अंगणात पडतात. धड निघालेले पत्रे गोठ्यावर नाहीतर न्हाणीच्या आडोशाला जातात. फुटके चिखलाच्या रस्त्यात भर म्हणून पडतात आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचं पीठ होतं.

हे पीठ नुसत्या सिमेंटचं नसतं. या पत्र्यात साधारण 8 ते 10 टक्के अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे खनिज तंतू असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाटशेक यांनी सिमेंटमध्ये हा तंतू घालून पातळ पत्रा करण्याची रीत शोधली. 1930 च्या दशकात ब्रिटिश भांडवलावर मुलुंडला कारखाना निघाला आणि पत्रा आपल्याकडे रुळला. आज आपण तंतूची खाण चालवत नाही, पण रशियासारख्या देशांतून तो आयात करतो आणि पत्रे करतो. हे कायदेशीर आहे. युरोपीय संघाने 2005 पासून, ब्राझीलने 2017 मध्ये, कॅनडाने 2018 मध्ये बंदी घातली. आपल्याकडे बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली. त्याच न्यायालयाने 1995 मध्ये मात्र अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं होतं. इतकी वर्षं का, तर तंतू फुफ्फुसात बसतो आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतले 181 कामगार तपासले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 41 जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस हा फुफ्फुसाचा आजार आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणच्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगात वर्षाला दोन लाखांहून अधिक माणसं मरतात.

म्हणून पत्र्याखाली झोपणाऱ्याने घाबरून घर सोडावं का? मुळीच नाही. शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेला असतो. धोका आहे तो कापताना, भोक पाडताना, फोडताना, शेवाळ खरवडताना आणि कोरड्या झाडूने भुगा झाडताना. आयुष्यात एकदा छप्पर बदलणाऱ्या घरमालकापेक्षा, दर उन्हाळ्यात पाच-पन्नास छपरं उतरवणारा मजूर गिरणीतल्या कामगाराच्या अधिक जवळ आहे. त्याचे कपडे धुणारी बाईही.

उतरवायचंच असेल तर वारा पडलेली सकाळ पाहा. घरातलं सामान आणि पोरंबाळं बाहेर. पत्र्यावर कधीच उभं राहू नका. तंतूने मरायला वर्षं लागतात, पत्रा फुटून पडायला क्षण पुरतो. खाली परांची बांधा. स्वच्छ धुतलेल्या फवारणीच्या पंपाने शिडीवरून पत्रा भिजवा. औषधात स्टिकर घालतात तसा पाण्यात चमचाभर पातळ साबण घाला, म्हणजे पाणी नुसतं ओघळून न जाता मुरतं. जोराची धार मारू नका. हुकाच्या नटाला आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा. तरी फिरला नाही, तर अँगलला वेढा घातलेला दांडा खालून हॅक्सॉने कापा. ग्राइंडर तिथे आणूच नका. आधी आढ्याचा पत्रा, मग जो शेवटी चढवला तो. दोघांनी अखंड खाली द्यायचा, फेकायचा नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही. निदान एन-95, जमल्यास पी-100 गाळणीचा मास्क हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. जमिनीवरचा भुगा ओल्या फडक्याने टिपा, ते फडकं पत्र्यांबरोबरच बांधा. बांधायला शेततळ्याच्या कागदाचे उरलेले तुकडे उत्तम. आपल्या जिल्ह्यात त्यांची वाण नाही.

आणि मग? इथे वाट संपते. 2016 च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेला अ‍ॅस्बेस्टॉस आहे, पण तो उत्पादन प्रक्रियेच्या शीर्षकाखाली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरातल्या घातक कचऱ्यात रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधं मोजली, पत्रा नाही. जनगणनेने तर टिन आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात घातले, त्यामुळे असे पत्रे किती घरांवर आहेत ते 2011 च्या आकड्यांवरून कळत नाही. घातक कचरा शास्त्रीय रीतीने पुरण्याची सोय नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत आहे, महागणपतीच्या देवळापासून फार लांब नाही. पण ती कारखान्यांच्या हिशेबाने चालते; पंचवीस पत्र्यांचा टेम्पो घेऊन एकटा शेतकरी तिथे काय करणार?

दक्षिण कोरियाने 1970 च्या दशकात ग्रामसुधारणेच्या मोहिमेत गवती छपरं काढून खेडोपाडी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे चढवले. लोक त्यावर मांसही भाजून खात. आता तेच सरकार अनुदान देऊन ते उतरवतं. पोलंडने 2032 पर्यंत देश अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त करायचं ठरवलं आहे. आपल्याला बंदीची वाट पाहायची गरज नाही. घरकुलाची यादी ग्रामपंचायतीकडे असतेच. कोणाचं छप्पर कधी उतरणार ते तिला आधी कळतं. गावाने एका जागी बांधलेले पत्रे जमवावेत, जिल्हा परिषदेने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून परवानाधारक वाहनाने ते रांजणगावला पोचवावेत, खर्च घरकुलाच्या रकमेबाहेरून करावा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तोवर शाबूत पत्र्याला हात लावू नका आणि फुटका रस्त्यात टाकू नका.