झिपमधलं ‘कोडोली’ वाचता का येत नाही?

ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी आजचा भाग लिहून देतोय.

व्हॉट्सॲपवर झिप येते, उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं. आमच्या कोडोलीत सातबारा, आठ-अ, कर्जाची कागदपत्रं अशी झिप करून पाठवतात. नाव असं दिसलं की लोक म्हणतात, ‘फाईल खराब झाली’, आणि डिलीट मारतात. जरा थांबा. आतला कागद बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घोळ फक्त एका बिटचा असतो.

झिपमध्ये प्रत्येक फाईलच्या आधी एक हेडर असतो, पार्सलवरच्या चिठ्ठीसारखा. त्याचा ठरलेला भाग ३० बाइटचा. पहिले ४ बाइट म्हणजे ओळख: ‘पी’, ‘के’, मग ३ आणि ४. पी-के म्हणजे फिल कॅट्झ. त्यानं १९८९ मध्ये हा फॉरमॅट आणला आणि कुठल्या बाइटचा अर्थ काय, हे ‘ॲपनोट’ नावाच्या दस्तऐवजात लिहून सगळ्यांना खुलं केलं. म्हणून तर कुणीही झिप उघडणारं ॲप बनवू शकतं. तुमच्या फोनवरची एपीके फाईलसुद्धा आतून झिपच!

ओळखीनंतर क्रम असा: लागणारी आवृत्ती २ बाइट, फ्लॅग २, दाबायची पद्धत २, वेळ २, तारीख २, सीआरसी ४, दाबलेला आकार ४, मूळ आकार ४, नावाची लांबी २, जादा माहितीची लांबी २. यानंतर खुद्द नाव.

आता ‘कोडोली’ घ्या. दिसायला तीन अक्षरं, पण काना-मात्रा वेगळे मोजले की सहा चिन्हं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण १८. ‘क’चे बाइट आहेत २२४, १६४, १४९.

हे बाइट युटीएफ-८ आहेत हे सांगायचं काम फ्लॅगमधल्या ११ व्या बिटचं. मोजणी शून्यापासून. ही सोय ॲपनोटमध्ये २००६ साली आली. बिट बंद असेल तर नियमाप्रमाणे नाव जुन्या आयबीएम ४३७ कोडपेजमध्ये वाचायचं. त्यात २२४ म्हणजे ग्रीक अल्फा! देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ नेच सुरू होतं, म्हणून ‘कोडोली’त सहा अल्फा दिसतात. नावात असे अल्फा परत परत दिसले की ओळखा, मराठी नाव शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलंय.

मग कागद नीट आहे हे कशावरून? सीआरसीवरून. हा आकडा आतल्या मजकुरावरून काढतात, नावाशी त्याचा संबंध नाही. फाईल बाहेर काढताना सीआरसी जुळला तर सातबारा सुखरूप. नाव बदला, विषय संपला.

कोड लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, हाच फ्लॅग आणि नाव झिपच्या शेवटच्या यादीतही असतं, आणि बरीच ॲप्स तीच यादी वाचतात. त्यामुळे एकाच जागी दुरुस्ती करून भागत नाही. दोन, पायथनचं झिपफाईल मॉड्यूल मराठी नाव लिहिताना हा बिट आपणहून चालू करतं, आणि आवृत्ती ३.११ पासून बिट नसलेली झिप वाचताना नावांचं एन्कोडिंग आपल्याला सांगता येतं.

तर यापुढे अल्फांची रांग दिसली की डिलीटवर बोट नेऊ नका. आधी फाईल उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!