बोट ठेवलं की शब्द

स्वमग्न मुलाच्या हातात घरचे टॅब देतात तो बहुधा त्याने थोडा वेळ शांत बसावं म्हणून. त्याच टॅबवर ते आपलं म्हणणं मांडायला शिकू शकतं, हे पुष्कळ पालकांना स्पीच थेरपिस्टची पायरी चढल्यावरच कळतं.

स्वमग्न मुलांमधली काही भरभरून बोलतात, काहींची गाडी मोजक्या शब्दांवर अडते, तर काही अजिबात बोलत नाहीत. उच्चारलेला शब्द कानावर पडून निघून जातो, चित्र मात्र समोर टिकून राहतं. म्हणून अशा अनेक मुलांना चित्रांचा आधार मिळतो. अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५मध्ये ‘पेक्स’ ही पद्धत बसवली. हव्या त्या वस्तूचं कार्ड मुलाने समोरच्याच्या हातात ठेवायचं आणि त्याने ती वस्तू लगेच द्यायची, अशी तिची सुरुवात.

पुढे कार्डांची जागा पडद्याने घेतली. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे ॲप तयार केलं. मुंबईत आयआयटीच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. रवी पूवय्या आणि डॉ. अजंता सेन यांच्या पुढाकाराने ‘जेलो’ घडलं. ते मोफत आहे आणि मराठीतही बोलतं.

जेलो उघडलं की मधोमध चित्रांचे नऊ गट दिसतात : खाणं, खेळ, माणसं, जागा वगैरे. दोन्ही कडांना सहा बटणं : आवडतं, हो, अजून; नावडतं, नको, कमी. मुलाने खाण्याच्या गटातलं एखादं चित्र निवडून ‘अजून’ दाबलं, की ॲप ती मागणी पूर्ण वाक्यात बोलून दाखवतं. घरच्या माणसांचे, वस्तूंचे फोटो घालून स्वतःचा तक्ताही बनवता येतो.

‘बटणावरच काम भागलं तर हा बोलेल कशाला?’ ही पालकांची हमखास शंका. २००६मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या अभ्यासांमधली २७ उदाहरणं तपासली. पर्यायी साधन वापरल्यामुळे बोलणं घटल्याचं एकातही आढळलं नाही. बहुतेकांचं ते थोडंफार वाढलं. २०१४मध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी अत्यल्प बोलणाऱ्या ६१ मुलांवर केलेल्या अभ्यासात, थेरपीच्या जोडीला पहिल्यापासून बोलणारा टॅब मिळालेली मुलं आपणहून अधिक संवाद साधू लागली.

मात्र टॅब हातात देऊन आईबाबा स्वयंपाकाला किंवा कामाला लागले, तर फारसं काही साधत नाही. मोठ्यांनीही तो बोलण्यासाठी वापरावा लागतो. पोहे वाढताना आईने ‘पोहे’वर बोट ठेवायचं, तोंडानेही म्हणायचं आणि मुलाला उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा. घाई केली की मूल गप्प बसतं.

अभ्यासालाही हाच टॅब उपयोगी पडतो. आधी गणित, मग झोका, असा चित्रांचा क्रम आणि शेजारी सरकणारा टायमर दिसला, की पुढे काय हे मुलाला विचारावं लागत नाही. मधेच व्हिडिओंकडे धाव घेऊ नये म्हणून आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘स्क्रीन पिनिंग’ ही सोय असते. चार्जिंग संपेल त्या वेळेसाठी मुख्य चित्रांची लॅमिनेट केलेली प्रत दप्तरात असलेली बरी.

आणि मुलाने ‘नको’ दाबलं तर? दोन मिनिटं तरी थांबावं. ‘नको’ म्हणूनही धडा रेटला गेला, तर पुढच्या वेळी मूल ते बटण शोधत बसणार नाही, सरळ वही भिरकावेल.