नवऱ्यापासून वेगळं झालं की परदेशातला व्हिसा लगेच रद्द होतो का?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागतात. समजा, मोरव्याच्या एका मुलीचं लग्न अमेरिकेत आयटीत काम करणाऱ्या मुलाशी झालं. तिने इथली नोकरी सोडली, व्हिसा आला, ती न्यू जर्सीला गेली. दोन वर्षांत भांडणं विकोपाला गेली आणि एका रात्री तो म्हणाला, "जास्त बोललीस तर उद्या तुझा व्हिसा कॅन्सल करतो. मग बस मोरव्याला जाऊन."

मुलगी काल्पनिक आहे. धमकी मात्र खरीखुरी, अनेक घरांत दिली जाणारी. आणि ती चालते, कारण समोरच्याला नियम माहीत नसतात. तर नवऱ्याला खरंच असं करता येतं का?

थोडक्यात उत्तर: व्हिसा रद्द करण्याचा अधिकार सरकारचा असतो, नवऱ्याचा नाही. पण तुमचा व्हिसा त्याच्या व्हिसावर टेकलेला असेल, तर तो आधार काढून घेणं त्याच्या हातात असतं. या दोन गोष्टींत फरक आहे. हेच नियम बायकोच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्यालाही लागू होतात.

आपल्याकडच्या बहुतेक मुली ज्यावर अमेरिकेला जातात, तो एच-४ व्हिसा आधी पाहू. नवरा एच-१बी वर, बायको एच-४ वर. नवरा-बायको वेगळ्या घरात राहायला लागले म्हणून एच-४ संपत नाही. कायद्याने लग्न टिकून आहे आणि नवऱ्याचा एच-१बी चालू आहे, तोवर तिचा दर्जाही तिच्या मुदतीपर्यंत चालू राहतो. अडचण मुदत वाढवताना येते. तेव्हा नवऱ्याची कागदपत्रं लागतात आणि ती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर.

घटस्फोटाचं गणित वेगळं. अंतिम हुकूमनामा झाला की एच-४ चा पायाच जातो. नोकरी गेलेल्या एच-१बी वाल्याला साधारण 60 दिवसांची सवलत मिळते, तशी सवलत घटस्फोटित जोडीदारासाठी नियमात ठेवलेली नाही. म्हणून शिकायचं असेल, नोकरीचा व्हिसा घ्यायचा असेल किंवा पर्यटक म्हणून थोडं थांबायचं असेल, तर तो अर्ज हुकूमनाम्याच्या तारखेआधी गेलेला बरा. बरेच जण कोर्टाचं आटोपू दे, मग व्हिसाचं बघू म्हणतात. इथे क्रम उलटा हवा.

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी तर जास्तच जपायला हवं. नवऱ्याच्या नोकरीवरून कुटुंबाचा अर्ज केलेला असतो आणि भारतीयांसाठी ही रांग वर्षानुवर्षांची आहे. कार्ड हातात येण्याआधी घटस्फोट झाला तर बायकोचा अर्ज सहसा तिथेच संपतो. नोकरीवरच्या अर्जातून कार्ड आल्यानंतर झाला, तर ते कार्ड तिचं स्वतःचं असतं.

नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. नवरा सही देत नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. घटस्फोट झाला असेल किंवा छळ झाला असेल तर एकटीनेही अर्ज करता येतो. मात्र लग्न खरं होतं, कार्डासाठी केलेलं नव्हतं, हे दाखवावं लागतं. तिथे जोड बँक खातं, दोघांच्या नावचा भाडेकरार, विमा, फोटो, असं सगळं कामाला येतं. लग्नाच्या अल्बमचा एवढा उपयोग होईल असं कुणाला वाटलेलं नसतं.

मारहाण किंवा छळ असेल तर आणखी वाटा उघडतात. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर पीडित पत्नी त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते, घटस्फोटानंतरही दोन वर्षांपर्यंत. एच-४ वरच्या पीडितेला ही सोय नाही. पण 2005 च्या कायदादुरुस्तीने तिच्यासाठी कामाच्या परवान्याची तरतूद केली आणि 2017 पासून त्याचे अर्ज घेतले जाऊ लागले. शिवाय अशा संरक्षित प्रकरणांत, फक्त छळ करणाऱ्याने दिलेल्या माहितीवरून पीडितेला देशाबाहेर काढण्याचा निर्णय घ्यायला कायद्याने मनाई आहे. त्या रात्रीच्या धमकीतली बरीच हवा इथे निघून जाते.

ब्रिटन जास्त कडक आहे. नातं संपलं की गृहखात्याला कळवावं लागतं आणि बहुतेक वेळा व्हिसाची मुदत कापून 60 दिवसांवर आणली जाते. ब्रिटिश किंवा तिथे स्थायिक झालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असताना छळामुळे नातं तुटलं, तर मात्र कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. कॅनडाने 2012 मध्ये नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती. बायका अत्याचार सोसत घरात अडकतात, अशी टीका झाली आणि 2017 मध्ये ती काढली. आज तिथे खऱ्या लग्नावर कायम वास्तव्य मिळालेलं असेल तर वेगळं होण्याने ते जात नाही. अर्ज अजून चालू असेल तर मात्र स्पॉन्सर माघार घेऊ शकतो.

आता सगळ्यात धोक्याची जागा, आणि ती परदेशात नाही. "चल, महिनाभर गावी जाऊन येऊ" म्हणून नवरा बायकोला घेऊन येतो, पासपोर्ट आणि कागद स्वतःकडे ठेवतो आणि एकटाच परत जातो. मग तिथल्या कोर्टात घटस्फोट मागतो. ती इथे, तारीख तिथे. अमेरिकेत असताना जे अर्ज ती करू शकली असती, त्यातले बरेच मोरव्यात बसून करता येत नाहीत.

असा परदेशी हुकूमनामा भारतात आपोआप चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात सांगितलं की, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावर, किंवा पत्नीला बाजू मांडण्याची खरी संधी न देता मिळवलेला घटस्फोट इथे मान्य होणार नाही. 1994 च्या सराफ खटल्यात असंच लग्नानंतर मागे ठेवलेल्या, नोकरी सोडून बसलेल्या पत्नीचं प्रकरण होतं. भारतात झालेलं असं लग्न परदेशी कोर्टाला रद्दबातल ठरवता येऊ नये, असा कायदा करण्याचा विचार व्हावा, असं न्यायालयाने तेव्हा सुचवलं. पुढे 2019 मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नाची 30 दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक राज्यसभेत आलं, पण कायदा झाला नाही. 2024 मध्ये विधी आयोगाने 287 व्या अहवालात पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. 1994 ते 2024, मोजा.

आणि एक घोळ: 1991 च्या निकालामुळे भारतात तुमचं लग्न टिकू शकतं. पण एच-४ चा निर्णय अमेरिका तिथल्या हुकूमनाम्यावर घेते. इथे बायको, तिथे घटस्फोटित, असंही होऊ शकतं. म्हणून तिथल्या कोर्टाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, इथल्या वकिलाबरोबर तिथलाही गाठा. पैसे नसतील तर भारतीय दूतावासामार्फत परित्यक्ता महिलांसाठी कायदेशीर मदतीची योजना आहे. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर किंवा राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षात करता येते. जाण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याच्या व्हिसाची मंजुरी आणि विवाह नोंदणीचा दाखला यांचे फोटो आईच्या किंवा भावाच्या फोनमध्ये पाठवून ठेवा. नवऱ्याला पासवर्ड माहीत असलेल्या ईमेलमध्ये नको.

परदेशी सून किंवा जावई इकडे आला तर? आपला कायदाही फार मऊ नाही. भारतीयाशी नोंदणीकृत लग्न होऊन दोन वर्षं टिकलं की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागता येतं. पण नागरिकत्व कायद्याच्या कलम 7डी नुसार घटस्फोट झाल्यावर ते रद्द होऊ शकतं. नुसतं वेगळं राहणं त्या कलमात येत नाही. रद्द करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ज्यांना आजी-आजोबा भारतीय असल्यामुळे कार्ड मिळालंय, त्यांच्या कार्डाला घटस्फोटाने धक्का लागत नाही.