पन्हाळा, आजरा, कोवाड : महाभारत पुन्हा सांगताना

पन्हाळ्यावर 1729 साली जन्मलेल्या मोरोपंतांनी महाभारताची अठराही पर्वे आर्या वृत्तात मराठीत आणली. केशव आणि गणेश पाध्ये या पन्हाळ्यावरच्याच गुरुबंधूंकडे त्यांचे काव्यशास्त्राचे अध्ययन झाले. पुढचे आयुष्य बारामतीत गेले. ‘आर्याभारत’ हे श्लोकागणिक भाषांतर नाही. मूळ कथेचा क्रम राखायचा, विस्तार आवरायचा आणि प्रसंगातले नेमके बोलणे आर्येच्या दोन ओळींत बसवायचे, ही पंतांची रीत. रामकथेवर तर त्यांनी शंभराहून अधिक रामायणे रचली. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लावून उच्चारायचे एकही अक्षर नाही. प, फ, ब, भ वर्ज्य आणि ‘म’सुद्धा वर्ज्य. म्हणजे ज्याची कथा सांगायची, त्या रामाचे नावच घेता येत नाही. याला केवळ शब्दांची कसरत म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. श्रोत्याला कथा तोंडपाठ असते, तेव्हा कवीचे कसब ती कशी सांगितली यावरच जोखले जाते.

विसाव्या शतकात महाभारताची कथा पडद्यावर गेली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात तयार केलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली आला. विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहिलेली द्रौपदी आणि तिच्या वाटेला गेलेला कीचक, हा त्याचा विषय. याच प्रसंगावरचे खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक इंग्रज सरकारने बंद पाडले होते, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. पुराणकथेतून चालू काळाबद्दल बोलता येते, हे तेव्हाच्या नाटककारांना आणि सरकारलाही पक्के ठाऊक होते.

कादंबरीने मात्र निराळी वाट धरली. शिरोड्याची शाळा सोडून 1938 साली कोल्हापुरात आलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 साली प्रसिद्ध झाली. मूळ महाभारत वैशंपायन जनमेजयाला ऐकवतो. खांडेकरांनी निवेदकच बदलले. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. आदिपर्वात देवयानीच्या तारुण्यातील प्रसंगानंतर कथेबाहेर जाणारा कच इथे संयमाचा प्रतिनिधी म्हणून शेवटपर्यंत वावरतो. पुरूचे तारुण्य घेऊन मूळ ययाती हजार वर्षे भोग भोगतो. खांडेकरांच्या ययातीला मात्र तारुण्य हाती येताच आपण काय केले ते कळते. कालावधीतला हा एक बदल कथेचा सगळा अर्थ पालटून टाकतो. या कादंबरीला 1960 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे 1974 साली खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले.

आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षक असताना 1967 साली त्यांची ‘मृत्युंजय’ आली. तिची रचना नऊ भागांची. त्यांपैकी चार कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांचे. व्यासांच्या ग्रंथात कर्णाच्या बायकांचा उल्लेख ओझरता येतो. सावंतांनी वृषालीला एक अख्खा भाग दिला, आणि कादंबरीचे मोठे बळ याच निर्णयात आहे. रणांगणावरचा कर्ण वाचकाला आधीच माहीत असतो, घरातला माहीत नसतो. सहाच वर्षांनी, 1973 साली, कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहिली. ती तृतीयपुरुषी निवेदनात आहे आणि आकाराने बरीच आटोपशीर. एकाच कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन लेखकांनी एकाच नायकाला इतक्या लागोपाठ हात घालावा, ही मराठी वाङ्मयातली विलक्षण घटना आहे.

याच सुमारास पुण्यात अगदी दुसऱ्या टोकाचे काम पुरे होत होते. भांडारकर संस्थेत 1919 साली सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. तिचे 19 खंड आहेत. देशभरच्या हस्तलिखितांतले पाठ ताडून संपादकांनी मागाहून घुसलेले श्लोक तळटीपांत ठेवले. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते तो श्लोक त्यांतलाच. लोकांच्या मनातल्या कर्णाचे दुःख बरेचसे या प्रसंगावर उभे आहे. चिकित्सक आवृत्तीचा आधार घेणाऱ्या इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही 1967 सालचेच. त्यात कर्णाच्या चुका भीडभाड न ठेवता दाखवल्या आहेत. ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. संशोधक जो श्लोक बाजूला काढतो, तो शतकानुशतकांच्या श्रोत्यांना हवासा वाटलेला असतो, आणि कादंबरीकार त्या श्रोत्यांचा वारस असतो. म्हणून कर्णाची कादंबरी पाठचिकित्सेच्या मापाने मोजू नये, आणि तिला मूळ महाभारतही समजू नये.

‘मृत्युंजय’ पुढे अनेक भारतीय भाषांत गेली. तिचा इंग्रजी अनुवाद 1989 साली कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपने काढला. अनुवादक होते नंदिनी नोपानी आणि पी. लाल. व्यासांचे महाभारत श्लोकागणिक इंग्रजीत आणण्याचे काम लाल यांनी त्याआधी कित्येक वर्षांपासून चालवले होते.