केडलस्टन हॉल : खाजगी घर आणि सार्वजनिक वास्तुरूप

इ. स. १७७७ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे जेम्स बॉस्वेलसह इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील केडलस्टन हॉल ही वास्तू पाहावयास गेले. त्या वेळचा त्यांचा अभिप्राय बॉस्वेलने जॉन्सनचरित्रात नोंदवून ठेवला आहे. जॉन्सन यांच्या मते या वास्तूचे नगरभवन उत्तम झाले असते. खांबांच्या दालनात न्यायाधीशांनी बसावे, वर्तुळाकार दालन ज्यूरीला द्यावे आणि वरच्या जागेत कैदी ठेवावेत. शेरा अर्थातच थट्टेचा आहे. परंतु ही वास्तू घर असूनही घरासारखी का वाटत नाही, हा जो प्रश्न त्यात दडलेला आहे तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

ज्या काळास इंग्लंडच्या वास्तुकलेत ‘जॉर्जियन’ म्हणतात तो स्थूलमानाने जॉर्ज नावाच्या चार राजांचा, म्हणजे १७१४ ते १८३० पर्यंतचा होय. त्याच्या पूर्वार्धात इंग्रज जमीनदारांचा आदर्श होता सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार आंद्रेआ पाल्लादिओ. शतकाच्या मध्यास मात्र दृष्टी पालटली. हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथील उत्खननांस आरंभ झाला होता, आणि तरुण वास्तुकार रोमन अवशेषांची मोजमापे स्वतः घेऊ लागले होते. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर आतापर्यंत भाष्यावरून चाललेले अध्ययन मूळ संहितेकडे वळले. केडलस्टनचे महत्त्व असे की, त्या एकाच इमारतीच्या एका अंगावर भाष्य आहे आणि दुसऱ्या अंगावर मूळ.

नॅथॅनिएल कर्झन यास १७५८ मध्ये ही जहागीर वारशाने मिळाली व लगेच पुढील वर्षी त्याने नव्या घराचे काम सुरू केले. जुने घर पाडण्यात आले. दृष्टीच्या आड येणारे गावही उठवून दूर वसविले. मध्ययुगीन चर्च तेवढे घराच्या कुशीत राहिले. गाव नाहीसे होऊन गावाचे देऊळ उरावे तसाच हा प्रकार, आणि आज तेथील विस्तीर्ण हिरवळीचे कौतुक करणाऱ्यास त्याची सहसा आठवण राहत नाही. वास्तुकारही एकामागून एक बदलले. मॅथ्यू ब्रेटिंगहॅमने आरंभ केला, जेम्स पेनने उत्तरेकडील दर्शनी भाग पुढे नेला, आणि १७६० मध्ये नुकताच इटलीहून परतलेल्या रॉबर्ट ॲडमने सर्व सूत्रे हाती घेतली.

मूळ आराखडा पाल्लादिओच्या व्हिला मोचेनिगोवरून घेतलेला. मध्ये मुख्य इमारत, चार कोपऱ्यांस चार उपगृहे आणि त्यांना जोडणाऱ्या वक्र मार्गिका, अशी ती रचना. प्रत्यक्षात उत्तरेकडील दोनच उपगृहे बांधली गेली. उत्तरेच्या दर्शनी भागावर सहा उंच स्तंभांचा व वर त्रिकोणी शिखरपट्टीचा प्रवेशमंडप आहे. हे उघडउघड देवालयाचे मुख होय. ते घरावर का आले? पाल्लादिओच्या काळी रोमन देवालये उभी दिसत होती, सामान्य रोमन घर मात्र कोणी पाहिलेले नव्हते. म्हणून त्याने उलटे अनुमान केले : देवालयांनी हे रूप प्राचीन घरांपासूनच उचलले असले पाहिजे, तेव्हा घरास ते परत देण्यात गैर काही नाही. अनुमान चुकीचे होते. पण त्याच्या आधारावर दोन शतके युरोपभर घरे बांधली गेली, आणि त्यांतली कित्येक फार सुंदर आहेत.

ॲडमला ही उणीव ठाऊक होती. प्राचीनांच्या सार्वजनिक वास्तू पुष्कळ उरल्या, निवासाच्या वास्तू थोड्या, म्हणूनच तो १७५७ मध्ये ॲड्रियाटिकच्या किनाऱ्यावरील स्प्लिट येथे डायोक्लेशियनच्या प्रासादाची मोजणी करावयास गेला. त्यावरील त्याचा ग्रंथ १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्याला सापडलेले घर हे एका सम्राटाचे घर होते. साहजिकच केडलस्टनच्या दक्षिण अंगावर त्याने जे रूप योजले तेही साम्राज्याचेच : रोममधील कॉन्स्टंटाइनची विजयकमान, तिचे चार सुटे स्तंभ, वरचे पुतळे, आणि मागे उचललेला घुमट. आत उत्तरेच्या द्वारातून शिरताच अलाबास्टर दगडाच्या २० पन्हळीदार कोरिंथियन स्तंभांचे दालन लागते. स्तंभांची उंची २५ फूट. (मुंबईच्या टाऊन हॉलचे स्तंभ ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी ते साधे, भारदस्त डोरिक रूप मनातून काढून टाकावे, कोरिंथियन स्तंभशीर्षावर पानांची नाजूक गर्दी असते.) या दालनास प्रकाश वरून मिळतो, कारण ते रोमन घराच्या आत्रियमची, म्हणजे जवळजवळ आपल्या वाड्याच्या चौकाची, आठवण म्हणून योजले आहे. फरक एवढाच की चौकात धान्य वाळते, मुले खेळतात; येथे पाहुणा थबकतो आणि पुढे जातो. पुढे त्याच अक्षावर पँथेऑनच्या धर्तीचे वर्तुळाकार दालन आहे. व्यास ४२ फूट, घुमटापर्यंतची उंची ६२ फूट.

मग कुटुंब कोठे राहत होते? पूर्वेकडील उपगृहात. पश्चिमेकडील उपगृहात स्वयंपाकघर व नोकरचाकर. बाहेरून ही दोन उपगृहे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. एकात धनी राहतो आणि दुसऱ्यात भांडी घासली जातात, हे दर्शनी भागावरून कळू नये अशीच योजना आहे. मुख्य इमारतीतील संगीतदालन, ग्रंथालय, भोजनगृह, शाही शयनगृह ही सारी पाहुण्यांना दाखविण्यासाठी. सममितीने येथे रूप सारखे ठेवले आहे, अर्थ मात्र मुळीच सारखा नाही. आणि भाषेच्या अभ्यासकास अशा समरूपतेचे नवल वाटावयास नको.

जॉन्सन यांचा शेरा येथे पुन्हा आठवतो. मंदिर, विजयकमान, पँथेऑन ही सर्व सार्वजनिक रूपे एका खाजगी इसमाने एकत्र आणली. तेव्हा त्या वास्तूत शासन शोभावे आणि संसार शोभू नये, हे क्रमप्राप्तच होते. अवघ्या पाव शतकात त्याचा पडताळाही आला, पण डर्बीशरमध्ये नव्हे. गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने १७९९ ते १८०३ या काळात कलकत्त्यास जे गव्हर्नमेंट हाउस उभारले त्याचा नमुना केडलस्टनच होता. त्याचा रचनाकार चार्ल्स वायट हा कंपनीच्या लष्करातील अभियंता. त्याचा चुलता सॅम्युअल याने केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख केली होती. दगडाच्या जागी वीट आणि चुन्याचा गिलावा आला. केडलस्टनची विजयकमान गळाली. वक्र मार्गिकांचा हेतूही बदलला : इंग्लंडात त्या मालकास स्वयंपाकाच्या वासापासून दूर ठेवीत, बंगालच्या उष्म्यात त्यांच्यामुळे प्रत्येक दालनास मोकळा वारा मिळू लागला. कंपनीच्या संचालकांनी खर्चाबद्दल तक्रार केली, पण इमारत उभी राहिली.

१८९९ मध्ये त्याच नॅथॅनिएलचा वंशज, केडलस्टन येथेच जन्मलेला लॉर्ड कर्झन, व्हाइसरॉय म्हणून तेथे राहावयास आला. दोन्ही वास्तूंची तुलना त्याने पुढे आपल्या १९२५ मधील ग्रंथात तपशीलवार केली आहे. त्याच्या घराण्याच्या वास्तूस पाल्लादिओची चार उपगृहे कधीच लाभली नाहीत. ती चारही पुरी झाली ती हुगळीच्या काठी.