विश्लेषण : सिग्नलला इंजिन आपोआप बंद… स्पोर्ट्स कारमध्ये ‘स्टार्ट-स्टॉप’ सुरू ठेवावे का?

लाल दिवा लागतो, ब्रेक दाबला जातो आणि कोट्यवधींच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन क्षणात गप्प होते. ब्रेकवरचा पाय उचलला की ते पुन्हा गुरगुरू लागते. इंधन वाचवणारी ही ‘स्टार्ट-स्टॉप’ यंत्रणा अनेक चालकांना मात्र डोकेदुखी वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनीही मे २०२५ मध्ये ती सर्वांनाच नकोशी असल्याचे म्हटले होते. महागड्या, ताकदवान इंजिनाला तिचा त्रास होतो का, आणि फायदा नेमका किती, याचा आढावा.

यंत्रणा काम कशी करते?

गाडी थांबली आणि ब्रेक दाबलेला असला की संगणक इंजिनाचे इंधन तोडतो. मॅन्युअल गाडीत न्यूट्रल करून क्लच सोडल्यावर हे घडते. मात्र त्याआधी अनेक अटी तपासल्या जातात. इंजिन पुरेसे तापलेले हवे, बॅटरी चार्ज हवी, चालकाचा पट्टा लावलेला आणि दार बंद हवे. यापैकी एखादी अट पूर्ण झाली नाही तर इंजिन सुरूच राहते. त्यामुळे एखाद्या दिवशी यंत्रणा ‘चालली नाही’ म्हणजे बिघाड झाला, असे नाही. ही कल्पना नवीही नाही. टोयोटाने सत्तरच्या दशकात जपानमध्ये ‘क्राउन’ मोटारीत ती आजमावली होती.

स्पोर्ट्स कारमध्ये ती आली कशी?

युरोपात कार्बन उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागले, तेव्हा वेगवान गाड्यांच्या कंपन्यांनाही कागदावरचे आकडे कमी करणे भाग पडले. २०११ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ च्या पिढीत ही यंत्रणा देण्यात आली. लॅम्बोर्गिनीने २०१२ मध्ये ‘अ‍ॅव्हेंटाडोर’च्या साडेसहा लिटरच्या, बारा सिलिंडरच्या इंजिनाला ती जोडली. एवढे मोठे इंजिन झटक्यात फिरवायला एकाएकी प्रचंड विद्युतप्रवाह लागतो. त्यासाठी कंपनीने बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर वापरले. ते ऊर्जा अतिशय वेगाने सोडतात. त्यामुळे इंजिन १८० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात सुरू होते, असा कंपनीचा दावा होता.

बटण रोज का दाबावे लागते?

बहुतेक गाड्यांत यंत्रणा बंद करण्याचे बटण असते, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते. याचे मूळ चाचणीत आहे. मायलेज आणि उत्सर्जनाचा दाखला गाडी सुरू केल्यावर ती ज्या स्थितीत असते, त्याच स्थितीत मोजला जातो. यंत्रणा बंद स्थितीत राहिली तर तिचा लाभ दाखल्यात धरता येत नाही. युरोपातील जुन्या ‘एनईडीसी’ चाचणीत गाडी जवळपास एक चतुर्थांश वेळ उभी असे, त्यामुळे स्टार्ट-स्टॉपचा फायदा मोठा दिसे. २०१७ पासून लागू झालेल्या ‘डब्ल्यूएलटीपी’ चाचणीत हा वेळ निम्म्यावर आला. अमेरिकेत ही यंत्रणा कधीच सक्तीची नव्हती. ती बसवणाऱ्या कंपन्यांना उत्सर्जनाच्या हिशेबात सवलत मिळत असे.

प्रत्यक्षात बचत किती?

अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार, गाडी दहा सेकंदांहून अधिक काळ उभी राहणार असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात इंधन कमी लागते. इंजिन जितके मोठे, तितके उभ्या उभ्या जळणारे इंधन जास्त. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार दोन लिटरच्या लहान पेट्रोल गाडीला तासाला सुमारे ०.६ लिटर, तर ४.६ लिटरच्या मोठ्या गाडीला सुमारे दीड लिटर इंधन लागते. तेही एसी बंद असताना.

मोठ्या इंजिनाची गाडी वर्षातले १०० दिवस बाहेर निघाली आणि दर दिवशी अर्धा तास सिग्नलला उभी राहिली, तर सुमारे ७५ लिटर पेट्रोल नुसते उभे राहून जळेल. लिटरला १०० रुपये धरले तर ही रक्कम साडेसात हजार होते. अशा गाडीच्या मालकाला हा आकडा किरकोळ वाटेल. शिवाय यंत्रणेसाठी लागणारी, काचतंतूंच्या थरांत आम्ल धरून ठेवणारी ‘एजीएम’ बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते. पण तो धूर सिग्नलवर मागे उभ्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो, हा हिशेब पैशांत मांडता येत नाही.

इंजिनाची झीज होते का?

सर्वाधिक झीज सकाळी थंड इंजिन सुरू करताना होते, कारण तेव्हा ऑइल खाली उतरलेले असते. सिग्नलवर इंजिन गरम असते आणि भागांवर ऑइलचा थर टिकून असतो. तरीही सुरुवातीच्या क्षणी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर घर्षण वाढतेच. म्हणून अशा गाड्यांत विशेष लेप दिलेली बेअरिंग आणि अधिक दणकट स्टार्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘सेल्फ’, बसवलेला असतो. हीच यंत्रणा नसलेल्या जुन्या गाडीत दर सिग्नलला चावी फिरवणे वेगळे आणि त्यासाठीच बांधलेल्या गाडीत ती वापरणे वेगळे.

खरी काळजी टर्बोची. घाट जोरात चढून आल्यावर टर्बो अतिशय तापलेला असतो. त्याच क्षणी इंजिन बंद झाले तर आत अडकलेले ऑइल करपू शकते. आधुनिक गाड्यांत इंजिन बंद असतानाही शीतक फिरवणारा विद्युत पंप असतो. तरीही अशा वेळी यंत्रणा बंद ठेवणे शहाणपणाचे.

मग चालकाने काय करावे?

लांबच्या सिग्नलला, रेल्वे फाटकावर किंवा टोलनाक्याच्या रांगेत यंत्रणा सुरू ठेवावी. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या कोंडीत, पार्किंग करताना किंवा वेगवान रस्त्यावर वळण घेण्यासाठी फट शोधताना ती बंद ठेवलेली बरी. तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीरही जाणवतो. मे महिन्याच्या उन्हात पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर इंजिनासोबतच थांबतो. केबिन तापू लागले की संगणक स्वतःच इंजिन सुरू करतो, त्यामुळे तेव्हा लाभ कमीच.

पोर्शेसारख्या गाड्यांत ‘स्पोर्ट’ मोड निवडला की स्टार्ट-स्टॉप बंद होते. पण केवळ त्यासाठी शहरात हा मोड लावल्यास इंजिन चढ्या फेऱ्यांवर फिरते आणि इंधन उलट जास्त जळते. त्यापेक्षा बटण दाबणे सोपे. बाहेरून सॉफ्टवेअर बदलून यंत्रणा कायमची काढण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

हा वाद पुढेही राहील?

बहुधा नाही. २०२४ मध्ये आलेल्या ९११ कॅरेरा जीटीएसच्या हायब्रिड आवृत्तीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. ताकदवान विद्युत मोटर इंजिनाला धक्का न देता फिरवू शकते. त्यामुळे चालकांची मुख्य तक्रार, म्हणजे दर वेळी बसणारा हिसका आणि गरम होणारे केबिन, तंत्रज्ञानच मिटवत आहे. तोवर बटण कधी दाबायचे, हे समोरचा रस्ता पाहूनच ठरवावे लागेल.