कोपऱ्यातला धावफलक

३१ ऑक्टोबर १९८७. नागपूरच्या मैदानावर विश्वचषकातला भारत–न्यूझीलंड सामना. चेतन शर्माची हॅटट्रिक आणि सुनील गावसकरचं एकदिवसीय क्रिकेटमधलं एकुलतं एक शतक. विदर्भातल्या जुन्या क्रिकेटवेड्याला झोपेतून उठवून विचारा, या दोन गोष्टी तो सांगेलच. पण त्या सामन्याची खरी मेख वेगळीच होती. जिंकायला २२२ धावा हव्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियाला मागे टाकून गटात पहिलं यायचं तर त्या ४२.२ षटकांतच काढायच्या होत्या.

हे गणित यवतमाळला आमच्या घरी काकांच्या वहीत चाललं होतं. दूरदर्शनवर धावसंख्या अधूनमधून झळकायची आणि लगेच नाहीशी व्हायची. नेमका तेव्हाच कुणी पाणी प्यायला उठला की संपलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, “आता किती पायजेत?” काका वहीतून मान वर न करता म्हणायचे, “वहिनी, तुम्हाले नाही समजायचं.” भारताने ३२.१ षटकांतच काम फत्ते केलं, ही गोष्ट निराळी.

ही वही निकालात निघाली ती एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या वैतागापायी. डेव्हिड हिल हे ब्रिटनमधल्या स्काय वाहिनीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख होते. सामना अर्ध्यावर असताना टीव्ही लावला तर स्कोअर कळायला ताटकळत बसावं लागतं, याचा त्यांना राग होता. १९९२ साली त्यांनी फुटबॉलची वेळ आणि गोलसंख्या पडद्याच्या कोपऱ्यात कायमची बसवून टाकली. पुढे सगळ्याच खेळांनी हा कोपरा उचलला. केबलबरोबर तो आमच्याही घरी आला.

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, आकडे मात्र येत. कोपऱ्यातल्या दोन आकड्यांपैकी एक धावांचा आणि दुसरा बळींचा, हे तिने कुणालाही न विचारता ताडलं. मग उरलेल्या धावा नि उरलेले चेंडू. एके संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “चेंडूहून धावा जास्त झाल्या न आता.” काका गप्प! तंत्रज्ञानाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही, पण घरातल्या एका माणसाला दारातून खोलीत आणून बसवणाऱ्या त्या पट्टीचं मला फार अप्रूप आहे.

कबड्डीचंही तसंच. गावातल्या मैदानाच्या कडेला उभा राहून मोठा झालेला माणूस चढाईतला श्वास ओळखतो. बाकीच्यांना नुसता धुरळा दिसायचा. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाईचे ३० सेकंद पडद्यावर उलटे मोजले जाऊ लागले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची, हेही पडद्यावरच कळू लागलं. शहरातल्या मुलांना या खेळातली धास्ती त्यामुळे कळली.

अर्थात, प्रत्येक चित्र मदतच करतं असं नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने बर्फावरच्या हॉकीची चकती नीट दिसावी म्हणून तिच्याभोवती निळी आभा आणि वेगात गेली की लाल शेपूट जोडलं. जुने शौकीन भडकले आणि दोन-अडीच वर्षांत ते गुंडाळावं लागलं. आपल्याकडे तर षटक संपतं न संपतं तोच पडदा आक्रसतो आणि जाहिरात घुसते.

पण माझी खरी तक्रार ‘हॉक-आय’च्या रेघेबद्दल आहे. पॉल हॉकिन्स या इंग्रज संशोधकाचं हे तंत्र २००१ साली लॉर्ड्सच्या इंग्लंड–पाकिस्तान कसोटीत प्रथम दूरचित्रवाणीवर दिसलं. अनेक कॅमेरे चेंडूची जागा टिपतात आणि त्यावरून संगणक त्याचा मार्ग काढतो. पॅडपर्यंतचा मार्ग मोजलेला असतो. त्यापुढचा, यष्टीपर्यंतचा, हा अंदाज. चांगला अंदाज, पण अंदाजच. आपल्या क्रिकेट मंडळाने पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मालिकांत बरीच वर्षं नाकारली आणि २०१६च्या इंग्लंड मालिकेत स्वीकारली, त्यामागेही या अंदाजाविषयीची शंका होती. ‘अंपायर्स कॉल’ निघाला तो यातूनच: रेघेवरचा चेंडू यष्टीला निम्म्याहून कमी लागत असेल तर मैदानावरच्या पंचाचा शब्द कायम. घरोघरी मात्र आरडाओरडा होतो, “अरे, लागतोय की स्पष्ट!” रेघ इतकी सफाईदार असते की ती झालेली गोष्ट वाटते. तो चेंडू यष्टीपर्यंत पोचलेलाच नसतो. पॅडला लागून तो तिथेच थांबलेला असतो.